पंधरा मिनिटं, तीन फूट

घड्याळजींच्या दुकानातलं तीन पायांचं स्टूल मास्तरांचं होतं. म्हणजे विकत घेतलं होतं घड्याळजींनी, पण त्यावर सव्वीस वर्षं बसले होते मास्तर, आणि मालकी कशाने ठरते याबद्दल मास्तरांची मतं ठाम होती. स्टुलावरची गादीही त्यांनीच शिवली होती, एका बँक मॅनेजरच्या सुटाच्या उरलेल्या कापडातून. मॅनेजर केव्हाच निवृत्त झाला, त्याचा सूटही निवृत्त झाला, गादी मात्र अजून नोकरीत होती.

एका लांबलचक व्हरांड्याला लागून सात गाळे. पहिल्यात मास्तर कोट आणि पँटी शिवत. दुसऱ्यात किल्लीवाला. तिसऱ्यात घड्याळजी. चार वाजले की घड्याळजींकडे दुरुस्तीला आलेली सगळी घड्याळं वाजायला लागत, पण दुरुस्तीलाच आलेली असल्यामुळे त्यांचं एकमत नसे. पहिलं घड्याळ चारला वाजे, शेवटचं चार वाजून पाच मिनिटांनी. त्या पाच मिनिटांत मास्तर हातातली सुई उशीला टोचून, किल्लीवाल्याला वळसा घालून स्टुलावर जाऊन बसत आणि चहा येई. फारसं बोलणं होत नसे. घड्याळजी एका डोळ्याला भिंग लावून चाकं जुळवत, मास्तर त्यांच्याकडे बघत. सव्वीस वर्षांच्या मैत्रीला एवढं पुरतं.

सात महिन्यांपूर्वी चौथ्या गाळ्यात चष्मेवाला आला.

चष्मेवाल्यात खोट काढायला मास्तरांनी पहिले दोन महिने खूप खटपट केली. माणूस पन्नाशीचा, नीटनेटका, उधार मागत नसे, मोठ्याने रेडिओ लावत नसे. मास्तरांना शेवटी त्याचे दात सापडले. ते फार सरळ होते. "एवढे सरळ दात असलेल्या माणसाचा भरवसा धरू नये," असं त्यांनी किल्लीवाल्याला सांगितलं. किल्लीवाल्याला समोरचे दोन दात नव्हते, त्यामुळे त्याला ते पटलं.

मग एके दिवशी चष्मेवाल्याने घड्याळजींना एक नवीन भिंग भेट दिलं. घड्याळजींनी ते डोळ्याला लावलं, एका बायकी घड्याळाच्या पोटात डोकावले आणि म्हणाले, "अरे वा. काय स्पष्ट दिसतंय." मास्तर तेव्हा स्टुलावर होते. सव्वीस वर्षांत आपल्याकडे बघून हा माणूस एकदाही 'अरे वा' म्हणाला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक लांबलं म्हणून मास्तर चार वाजून सहा मिनिटांनी पोचले, तर स्टुलावर चष्मेवाला. दुकान एवढुसं, त्यात दुसरं स्टूल मावत नाही.

"या मास्तर, बसा," चष्मेवाला उठत म्हणाला.

"नको, नको. तुम्ही बसा. माझ्याकडे कामाचा ढीग पडलाय," मास्तर म्हणाले आणि परत गेले. ढीग वगैरे काही नव्हता. एक पँट होती, तीही आखूड करायची. त्या दिवसापासून मास्तर चारला आपल्याच दुकानात बसून, दोन भिंतींपलीकडून येणारे ठोके ऐकत एकट्याने चहा पिऊ लागले. घड्याळजींनी दोनदा बोलावणं पाठवलं. मास्तरांनी दोनदा ढिगाचं कारण दिलं. तिसऱ्यांदा बोलावणं आलं असतं तर ते गेलेही असते, पण तिसऱ्यांदा ते आलं नाही.

आणि मग दोन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी घड्याळजी स्वतःच दारात उभे राहिले. कोट शिवायचा होता.

"आहे तो काय झाला?" मास्तरांनी विचारलं. आहे तोही त्यांनीच शिवला होता, अठरा वर्षांपूर्वी.

"चष्मेवाला म्हणतो, त्याच्या कॉलरीला आता जुनं स्मारक म्हणून पाटी लावावी."

मास्तरांनी टेप असा काही झटकला की घड्याळजी एक पाऊल मागे सरकले. अर्धा तास मापं चालली. खांदा, बाही, पाठ, छाती. तोंडात टाचण्या धरलेला शिंपी रागाने काही बोलू शकत नाही, ही त्या धंद्याची एक सोय आहे. त्यात मास्तरांना दोन दिवसांपासून कोरडा खोकला होता. नवीन लोकरी कापडाचा तागा उघडला की त्यांना खोकला यायचाच, त्याकडे ते लक्ष देत नसत. पुदिन्याची एक गोळी गालात ठेवली की काम भागे. "पंधरा दिवसांनी ट्रायलला ये," एवढंच ते म्हणाले.

पण ट्रायलच्या आधी वेगळंच घडलं. पुढच्या सोमवारपासून घड्याळजींना खोकला लागला. तो असा की, एकदा सुरू झाला म्हणजे श्वास घ्यायला सवडच देत नसे आणि सवड मिळाली की घशातून मोरासारखा आवाज येई. एका उबळीत त्यांच्या चिमट्यातून एक चाक उडालं, ते अजून सापडलेलं नाही. शहरात डांग्या खोकल्याची साथ असल्याचं पेपरात येतच होतं. लहानपणी घेतलेली लस म्हातारपणापर्यंत पुरत नाही, असंही त्यात लिहिलेलं होतं, पण ते आतल्या पानावर. शनिवारी डॉक्टरांनी घड्याळजींच्या नाकात कापसाची काडी घालून नमुना घेतला, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि घरी बसवलं. सोमवारी अहवाल आला. डांग्या खोकलाच होता.

त्याच सोमवारी दुपारी आरोग्य खात्याच्या सिस्टर व्हरांड्यात आल्या. हातात यादी, खांद्याच्या पिशवीत निळी पाकिटं. रोग्याने ज्यांची नावं दिली असतील त्यांना गाठायचं, चौकशी करायची, तोंडावर मास्क ठेवायला सांगायचं आणि गोळ्यांचं पाकीट द्यायचं, असं त्यांचं काम.

मास्तर मशिनीवर बसून सगळं पाहत होते. सिस्टर आधी चष्मेवाल्याकडे गेल्या. मास्तरांचा पाय मशिनीच्या पायडलवरच थांबला. नंतर किल्लीवाल्याकडे. नंतर चहावाल्याला हाक मारली. पार्सल पोचवणारी मुलगी दिवसातून जेमतेम सोळा मिनिटं थांबायची, तिचंही नाव निघालं. सहाव्या गाळ्यातला झेरॉक्सवाला तर घड्याळजींशी तीन वर्षं बोलतही नव्हता, नुसता दुपारी व्हरांड्यात शेजारी बसून डबा खायचा, त्यालाही पाकीट. मास्तरांनी चष्मा पुसला, केस सारखे केले आणि समोरच्या खुर्चीवरचे कापडाचे तुकडे उचलून जागा केली. सिस्टर यादी घडी करत त्यांच्या दुकानावरून पुढे निघाल्या.

"अहो सिस्टर," मास्तर म्हणाले. "एक राहिलं."

"काय राहिलं, आजोबा?"

'आजोबा' हा शब्द मास्तरांना एरवी झोंबला असता, पण कालच्या रविवारी ते खरोखरच आजोबा झाले होते, त्यामुळे त्यांनी तो पोटात घातला. "माझं नाव. बघा नीट. वर असेल. पहिलंच असेल."

सिस्टरनी यादी उघडली. "पहिले चौथ्या गाळ्यातले चष्मेवाले. तुमचं नाही."

"उलट्या बाजूला?"

"उलटी बाजू कोरी आहे."

"काहीतरी चूक होतेय. मी त्याचा सव्वीस वर्षांचा मित्र आहे."

"आम्ही मित्र नाही लिहीत, आजोबा. तीन फुटांच्या आत, पंधरा मिनिटं किंवा जास्त वेळ कोण होतं, ते लिहितो. तुम्ही नव्हतात, म्हणून नाव नाही. चांगलंच झालं की." आणि त्या गेल्या.

चांगलंच झालं, हे मास्तरांना पटेना. किल्लीवाला पाकीट हातात घेऊन आला. "गोळ्या गुलाबी आहेत," तो म्हणाला. "तुम्हाला पण गुलाबीच दिल्या का?"

"मला द्यायच्या होत्या," मास्तर म्हणाले, "मीच नको म्हटलं."

थोड्या वेळाने चष्मेवाला आला, तोंडाला मास्क लावून. मास्कमुळे दात दिसत नव्हते, तरी ते आत सरळ असल्याचं मास्तरांना जाणवत होतं. "मास्तर, तुमचं नाव दिलं नाही म्हणे त्यांनी. मला जरा नवलच वाटलं."

"त्यात नवल कसलं? तुम्ही त्याच्या जवळचे. रोगाला सगळं बरोबर कळतं."

"तसं नाही हो," चष्मेवाला म्हणाला आणि परत गेला.

घरी बायको पाळण्याच्या चादरी धूत होती. मुलगी तीन आठवडे रुग्णालयात झोपून होती. साथीमुळे तिथे एकालाच आत सोडत, आणि तो एक म्हणजे जावई. नातीला अजून मास्तरांनी पाहिलं नव्हतं, बायकोनेही नाही. जावयाने फोटो पाठवला होता, त्यात नात कमी आणि जावई जास्त होता. शुक्रवारी मुलगी आणि बाळ थेट इथेच येणार होती, महिनाभर. मास्तरांनी त्यासाठी दुधी रंगाच्या मऊ कापडाची चार झबली शिवून ठेवली होती आणि नातीला पहिल्यांदा आपणच घ्यायचं, हे घरात जाहीर केलं होतं.

"यादीत नाव नाही हे बरंच की," बायको म्हणाली. "उगाच बाळ यायच्या वेळी कटकट."

"तुला कळायचं नाही."

"मला सगळं कळतं. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम आला तेव्हा फोटोत आपण किती वेळा आलोय ते मोजलंत तुम्ही."

"चौदा वेळा," मास्तर म्हणाले. "आता काढला असता तर चष्मेवाला चाळीस वेळा आला असता." एवढं बोलल्यावर त्यांना खोकल्याची जोरदार उबळ आली. डोळ्यांतून पाणी आलं, चेहरा लाल झाला. त्यांनी पुदिन्याची गोळी गालात टाकली. "लोकर," ते म्हणाले.

मंगळवारी सकाळी उठताना मास्तरांना एक गोष्ट आठवली आणि ते दात न घासताच दुकानात गेले. मापांची वही. कोटाची मापं. दोन आठवड्यांपूर्वीचा सोमवार. तीन फूट कसले, तीन इंचसुद्धा नव्हते. छातीचं माप घेताना शिंपी माणसाला जवळजवळ मिठीच मारतो. आणि पंधरा मिनिटं नव्हे, अर्धा तास. चष्मेवाला स्टुलावर बसतो, तिथून घड्याळजींचं नाक चांगलं अडीच फूट लांब असतं. वही बगलेत मारून मास्तर आरोग्य केंद्रात गेले.

केंद्रात एका बाकावर तीन आया खोकणारी मुलं घेऊन बसल्या होत्या. भिंतीवर 'खोकताना तोंडावर रुमाल किंवा कोपर धरा' असं चित्र होतं. चित्रातल्या माणसाच्या शर्टाची बाही चुकीच्या जागी लावली होती, ते मास्तरांच्या ताबडतोब लक्षात आलं. सिस्टर एका टेबलामागे नोंदी करत होत्या.

"तुम्ही परत?"

"पुरावा आणलाय," मास्तर म्हणाले आणि वही टेबलावर उघडली. "ही तारीख बघा. हे त्याचं नाव. ही मापं. ही घेताना मी त्याच्या इतका जवळ होतो की त्याच्या खिशातल्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती. त्याने ती गोष्ट विसरून चष्मेवाल्याला पहिलं नाव दिलं. विसरणं समजू शकतो मी, वय झालंय त्याचं. पण सरकारी कागदावर चूक राहू नये, एवढंच माझं म्हणणं."

सिस्टरनी चष्मा लावला. मास्तरांची वही वाचायला तशी सोपी. अक्षर बारीक, पण स्वच्छ. आणि मास्तरांना एक सवय होती, माप घेताना जे काही घडे ते समासात लिहून ठेवायची. 'गिऱ्हाईक पोट आत ओढतं, एक इंच वाढवणे.' 'डावा खांदा खाली, बोलू नये.' अशाने पुढे घोळ होत नाहीत. सिस्टरचं बोट बाहीवरून पाठीवर आलं, पाठीवरून छातीवर, आणि तिथून समासात गेलं. त्यांनी मोठ्याने वाचलं.

"'छाती ३८. मला खोकला आला, टेप सरकला. पुन्हा मोजली, ३९॥. परत खोकला. तिसऱ्यांदा मोजली, ३९.'"

"बघा, तीन वेळा," मास्तर म्हणाले. "चष्मेवाल्याने एकदा तरी मोजली का?"

सिस्टर वहीकडे बघत होत्या. "आजोबा, हा खोकला कोणाला आला?"

"मला. लोकरीचा आहे तो."

"कधीपासून?"

"त्याच्या आधीच्या शनिवारपासून. नवीन तागा उघडला ना."

"अजून आहे?"

"अधूनमधून," मास्तर म्हणाले, आणि नेमकी तेव्हाच, जणू कोणी बोलावून आणल्यासारखी, उबळ आली. ती थांबेना. मास्तर टेबलाला धरून वाकले. बाकावरच्या तिन्ही आयांनी मुलं छातीशी धरून भिंतीकडे तोंड केलं. शेवटी श्वास मिळाला तेव्हा मास्तरांच्या घशातून मोरासारखा आवाज आला.

सिस्टरनी खणातून एक मास्क काढून मास्तरांच्या हातात दिला आणि त्यांना मागच्या खोलीत नेलं.

"त्यांचा खोकला गेल्या सोमवारी सुरू झाला," त्या म्हणाल्या. "तुम्ही मापं घेतलीत त्यानंतर बरोबर सात दिवसांनी. तुमचा त्यांच्याआधी नऊ दिवस. मी दोन दिवस शोधतेय, यांना कुठून आला म्हणून. तुम्ही यादीत नाही आजोबा. यादी तुमच्यापासून सुरू होते, असं दिसतंय मला. नमुना घेतला की कळेल."

कापसाची काडी नाकात शिरत असताना मास्तरांच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते लिहायला जरा संकोच वाटतो, पण आलं ते आलं. घड्याळजींना आजार चष्मेवाल्याकडून मिळाला नव्हता. किल्लीवाल्याकडूनही नव्हता. तो आपण दिला होता.

दुसऱ्यांदा जे आलं त्याने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "सिस्टर, शुक्रवारी माझी नात घरी येतेय. पाच दिवसांची असेल."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही तिला भेटलात?"

"नाही. जावयालाच सोडतात."

"मुलीला?"

"तीन आठवड्यांत नाही. खोकला लागायच्या आधीपासून."

"जावयाला?"

"फोनवर. तोही आपणहून करत नाही."

सिस्टरनी श्वास सोडला. "मोठ्यांना हा खोकला म्हणजे वैताग असतो. एवढ्या लहान बाळाला खोकायलाही येत नाही, आजोबा. नुसता श्वास थांबतो. तुम्ही आज आला नसतात, तर शुक्रवारी तिला उचलून घेतलं असतं ना?"

"पहिल्यांदा मीच घेणार होतो," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की सिस्टरना पुढे वाकावं लागलं. "सगळ्यांच्या आधी."

गोळ्या आज मंगळवारपासून शनिवारपर्यंत, असं ठरलं. रविवारी बाळाला भेटायला हरकत नाही, त्याआधी बाळ आहे त्या घरात पाऊल ठेवायचं नाही. बायकोलाही गोळ्या, आणि रविवारपर्यंत तिनेही बाळाला मास्क लावून लांबूनच बघायचं. पाकीट निळंच होतं आणि गोळ्या गुलाबीच होत्या. मास्तरांना त्यात आता काही गोडी वाटली नाही.

दुकान बंद ठेवून त्यांनी आतून घड्याळजींना फोन लावला. दोघंही आळीपाळीने खोकत होते, त्यामुळे बोलायला वेळ लागला.

"तुला मी दिला," मास्तर म्हणाले.

"काय?"

"खोकला. मापं घेताना. वहीत लिहिलंय, सिस्टरनी वाचलं."

पलीकडे बराच वेळ नुसती घड्याळं ऐकू आली. घड्याळजींच्या घरीही ती होती, तिथेही त्यांचं एकमत नव्हतं. "म्हणजे तू त्या सिस्टरकडे गेला होतास?" घड्याळजी शेवटी म्हणाले. "अरे गाढवा, एवढं मी तुझं नाव टाळलं."

"टाळलं? मला वाटलं विसरलास."

"सव्वीस वर्षं माझ्या डोक्यावर बसलायस, विसरू कसा? ती बाई म्हणाली, ज्यांची नावं द्याल त्यांना लहान बाळाजवळ जाता येणार नाही काही दिवस. शुक्रवारी तुझी नात येतेय. चार झबली शिवलीस तू, वहिनींनी फोनवर सगळं सांगितलं मला. म्हटलं, याला कशाला अडकवा. खोकला काय, माझ्या मते मीच कुठून तरी आणला होता. तू तर धडधाकट."

"आणि चष्मेवाला?"

"त्याचं काय?"

"त्याचं नाव पहिलं दिलंस."

"मग काय झालं? त्याला कुठे नात आहे? त्याचं नाव द्यायला माझ्या जिवाला काय लागतं?"

सात महिने मास्तरांच्या पोटात जो दगड होता तो एका वाक्यात विरघळला, आणि त्याच वाक्याने अंगावर काटाही आला. या माणसाने आपल्यावरच्या मायेपोटी आपल्या नातीचा घात केला असता, आणि आपण जळून जळून तिला वाचवलं होतं. यातून कोणाला काही शिकवण्यासारखं नव्हतं. निदान नातीला तरी हे कधी सांगता येणार नव्हतं.

"पुन्हा असलं प्रेम करू नकोस," ते म्हणाले.

"नाही करणार. नमुना घेताना दुखलं का रे फार? मला दुखलं."

"तुझं नाकच मोठं," मास्तर म्हणाले आणि खूप महिन्यांनी दोघं हसले, मग खोकले.

गुरुवारी अहवाल आला. मास्तरांनाही डांग्या खोकलाच होता. सिस्टर यादी करायला स्वतः आल्या आणि दारातच, अंतर ठेवून बसल्या. "मास्तर, तुमचा खोकला सुरू झाल्यापासून जवळ कोण कोण आलं?"

मास्तरांनी वही पुढे सरकवली. तीत सतरा गिऱ्हाइकं होती, पत्त्यांसकट आणि छातीच्या मापांसकट. नोकरीच्या एकोणीस वर्षांत इतकी नेटकी यादी पाहिली नाही, असं सिस्टर म्हणाल्या. एका गिऱ्हाइकापुढे समासात 'बायको गरोदर, कोट लवकर हवा' असंही होतं. त्यांना सिस्टरनी तिथूनच फोन लावला.

"पण पहिलं नाव त्याचं लिहा," मास्तर म्हणाले.

"घड्याळजींचं? ते तर आधीच रोगी आहेत. लिहायची गरज नाही."

"लिहा हो."

सिस्टरनी मास्तरांकडे पाहिलं, मग लिहिलं. त्या निघाल्या तेव्हा चौथ्या गाळ्यातून चष्मेवाला बाहेर आला आणि चार हात लांब उभा राहून घुटमळला. "मास्तर, तुमच्या यादीत माझं नाव नाही का?"

"तुमची मापं मी कधी घेतली नाहीत," मास्तर म्हणाले.

चष्मेवाल्याचा चेहरा पडला. तो मास्कच्या वरूनही पडलेला दिसला. मास्तरांना हा चेहरा ओळखीचा वाटला. याच सोमवारी आरशात पाहिला होता. "बरा झालो की या," ते म्हणाले. "पँट तरी शिवू."

शुक्रवारी मास्तर दुकानातच मुक्कामाला होते. बाळ घरी आलं, ही बातमी त्यांना बायकोने दिली. झबलं नीट बसलं, हीही दिली. बाही पाव इंच लांब होती, ही मास्तरांनी खोदून विचारल्यावर दिली. चार वाजले, तिसऱ्या गाळ्यातली घड्याळं आपापल्या सवडीने वाजायला लागली आणि फोन पुन्हा वाजला. घड्याळजी होते.

"कुठून बोलतोयस?"

"तुझ्या घरून निघालोय. जिन्यात आहे."

"माझ्या घरून?"

"माझ्या गोळ्या बुधवारीच संपल्या ना. शनिवारपासून घेत होतो मी. सिस्टरला विचारलं, ती म्हणाली, आता चालेल, मास्क लावा, हात धुवा, बाळाला उचलू नका. वहिनींनी बोलावलं. जुनाच कोट घालून गेलो, तुझा नवा काही झाला नाही."

मास्तर मशिनीसमोर बसले होते. नवा कोट त्यांच्या मांडीवरच होता, एका बाहीचा. आपण दिलेला खोकला घेऊन हा माणूस आपल्याआधी बरा झाला होता आणि आपल्या घरात, आपल्या नातीसमोर, स्मारकाच्या कॉलरीचा कोट घालून उभा राहून आला होता. चष्मेवाल्याने सात महिन्यांत जे केलं नव्हतं ते यानं एका दुपारी केलं होतं.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"तुझ्यासारखी. कपाळाला आठ्या घालून झोपते."

"किती अंतरावर होतास?"

"तीन फूट. वहिनींनी जमिनीवर तुझ्या खडूने रेघ मारली होती."

"किती वेळ?"

"चौदा मिनिटं."

"मोजलीस?"

"घड्याळजी आहे रे मी. चौदा झाली की उठलो. पंधरा झाली असती तर तिचंही नाव यादीत गेलं असतं."

मास्तरांनी फोन ठेवला आणि दुसरी बाही हातात घेतली. रविवारला अजून दोन दिवस होते. चौदा मिनिटं, असं ते स्वतःशीच म्हणाले, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती एकदा अख्खी मोजून काढली. फार होती.